वाचकांचे प्रश्न : सँड लॅबमधली ती खोली

प्रश्न : मी 24 वर्षांची असून रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाले आहे. कोल्हापुरातील एका खाजगी क्लासच्या कार्यालयात दोन वर्षे काम करते. जागा स्वच्छ आहे, घरापासून दहा मिनिटांवर आहे. पण पगार 12 हजार, आणि फी घेऊन पावत्या फाडण्यापलीकडे काम नाही. गेल्या आठवड्यात गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात) साच्याची माती तपासणाऱ्या सँड लॅबसाठी माझी निवड झाली. पगार 19 हजार. मुलाखतीनंतर जागा दाखवली तेव्हा मात्र मन खट्टू झाले. मोल्डिंग शॉपच्या, म्हणजे साचे तयार करतात त्या विभागाच्या, कोपऱ्यात पार्टिशन घालून केलेली दहा बाय बारा फुटांची खोली, आठ फुटांवर छत, खिडकी नाही, आत चार माणसे. टेबलावर बोट फिरवले तर काळे झाले. स्त्रियांचे स्वच्छतागृह पलीकडच्या इमारतीत. आई म्हणते, "शिकून-सवरून शेवटी मातीतच हात घालायचे होते तर एवढे शिकलीस कशाला?" वडील म्हणतात, चालून आलेली नोकरी सोडू नये. आठ दिवसांत उत्तर द्यायचे आहे. काय करावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या बोटाला जे काळे लागले, तेथूनच सुरुवात करू. साच्याची माती, जिला फाउंड्रीत ग्रीन सँड म्हणतात, ती सिलिका वाळू, बेंटोनाइट नावाची चिकणमाती, कोळशाची भुकटी आणि पाणी यांची बनते. काळा रंग येतो तो कोळशाच्या भुकटीमुळे, आणि तो साबणाने जातो. काळजी करायची ती वाळूतल्या सिलिकाची. तिचे जे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात ते इतके बारीक असतात की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. वर्षानुवर्षे ते श्वासातून जात राहिले तर सिलिकोसिस होतो, आणि त्यावर पूर्ण बरा करणारा उपचार नाही. म्हणून किळस आणि अपाय या दोन गोष्टी आधी वेगळ्या करा. टेबल काळे आहे एवढ्यावरून नोकरी नाकारू नका आणि टेबल पुसलेले दिसले म्हणून निर्धास्तही होऊ नका.

दुसरा भेद मला याहून महत्त्वाचा वाटतो. जागेचा काही त्रास कामातूनच येतो, काही मालकाच्या हयगयीतून. जिथे लोखंड वितळते तिथे उष्णता असणार, जिथे साचे फोडतात तिथे धूळ उडणार. त्याबद्दल कोणाला दोष देता येत नाही. पण दहा बाय बारा फुटांत चार माणसे बसवणे ही धंद्याची गरज नव्हे. 1948 च्या कारखाना अधिनियमाने नव्या कारखान्यांसाठी माणशी किमान 14.2 घनमीटर जागा ठरवली होती. कायद्याची मांडणी आता बदलली असली तरी अंदाज घ्यायला ते माप चांगले आहे. तुमच्या वर्णनाप्रमाणे खोलीचे आकारमान 960 घनफूट, म्हणजे जवळपास 27 घनमीटर होते. त्या हिशेबाने ती धड दोन माणसांचीही नाही. बऱ्याच फाउंड्र्यांत स्पेक्ट्रोमीटरची (धातूत कोणते घटक किती आहेत ते मोजणाऱ्या यंत्राची) खोली मात्र बंदिस्त, गार आणि लखलखीत असते, कारण तापमान हलले की यंत्राचे आकडे हलतात. यंत्राला एसी आणि माणसांना पंखा, ही तफावत तुमच्याकडेही आहे का ते पाहून घ्या. तिच्यावरून मालकाची नजर कळते.

होकार देण्यापूर्वी पुन्हा एकदा जागा पाहायला मागा, आणि या वेळी ऑफिसच्या शांत वेळी न जाता नॉकआउट चालू असताना जा. नॉकआउट म्हणजे ओतकाम निवल्यावर साचे फोडून कास्टिंग, म्हणजे ओतून तयार झालेला भाग, बाहेर काढणे; तेव्हा धुळीची खरी परीक्षा होते. त्या वेळी लॅबचे दार बंद राहते का, धूळ ओढून घेणारी यंत्रणा सुरू आहे की नुसती भिंतीला टांगलेली आहे, हे पाहा. फरशी कोरड्या झाडूने झाडतात की पाणी मारून, हेही पाहा; कोरडा झाडू आणि कॉम्प्रेसरची हवा बसलेली बारीक धूळ पुन्हा उडवतात. कामगारांच्या तोंडाला रुमाल आहे की धुळीसाठीचा प्रमाणित मास्क, हे विचारायची गरज नाही, दिसेलच. रुमालाने बारीक सिलिका अडत नाही. आवाजासाठी साधी खूण अशी, की हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागला तर तो गोंगाट कानांना घातक पातळीच्या आसपास आहे असे समजावे.

स्वच्छतागृहाचा मुद्दा तुम्ही एका ओळीत उरकला आहे. तो बारीक नाही. दुसऱ्या इमारतीत जावे लागते म्हणून दिवसभर पाणी कमी पिणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि भट्टीच्या शेजारी बसून पाणी कमी पिणे म्हणजे मूत्रमार्गाच्या दुखण्याला आमंत्रण. तेथे आधीपासून काम करणारी एखादी स्त्री असेल तर तिला एकटीला गाठून विचारा. तिचे उत्तर एचआरच्या उत्तरापेक्षा खरे असेल.

आता कामाविषयी. आईंना मी नम्रपणे सांगेन की सँड लॅब म्हणजे मातीत हात घालणे नव्हे. मोजून घेतलेल्या मातीवर रॅमरचे, म्हणजे ठोकणीच्या वजनाचे, तीन ठोके देऊन 50 मिलिमीटर उंचीचा ठोकळा करायचा, त्याची ताकद आणि त्यातून हवा किती सहज जाते ते मोजायचे, ओलावा पाहायचा; आणि हे आकडे बिघडले तर कास्टिंगमध्ये ब्लो होल (वायूमुळे पडणाऱ्या पोकळ्या) येऊन अख्खी हीट, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूचा सगळा माल, रिजेक्शनला जाऊ शकते. बी.एस्सी.चा उपयोग इथे रोज होतो. ही लॅब मन लावून शिकलेल्या मुलीला पुढे स्पेक्ट्रोकडे, मग क्वालिटीकडे वाट असते. पावत्यांच्या टेबलापासून अशी वाट फुटत नाही.

म्हणून माझे मत होकाराकडे झुकते, पण तीन गोष्टी आधी ठरल्या तर. लॅबला घट्ट बसणारे दार आणि बाहेरची स्वच्छ हवा आत घेणारी सोय. शॉपजवळ स्त्रियांसाठी स्वच्छतागृह, किंवा ते होईपर्यंत जाण्यायेण्याची मोकळीक. आणि तुमचे नाव ठेकेदाराच्या नव्हे, कंपनीच्या हजेरीपटावर. पहिल्या दोन्हींसाठी तारीख मागा आणि ती ईमेलमध्ये येऊ द्या. "आधी जॉइन तर व्हा, मग बघू" असे उत्तर आले तर क्लासमध्येच राहून दुसऱ्या फाउंड्रीचे दार पाहा. शिरोलीपासून कागलपर्यंत फाउंड्र्या काही कमी नाहीत. तिसऱ्या गोष्टीत तडजोड करू नका. नियुक्तिपत्र मिळणे हा तुमचा हक्क आहे, आणि 19 हजार पगार कर्मचारी राज्य विम्याच्या (नोकरदारांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या) 21 हजारांच्या मर्यादेत येतो. पुढे कधी छातीचे दुखणे निघालेच, तर त्या वेळी तुम्ही कोणाच्या नोकरीत होतात हे कागदावर असावे लागेल.

रुजू होण्याच्या आधीच्या आठवड्यात स्वतःच्या खर्चाने छातीचा एक्स-रे आणि श्वासाची स्पायरोमेट्री चाचणी करून घ्या, आणि तो अहवाल कंपनीकडे न देता तारखेसह घरच्या कपाटात ठेवा. पुढच्या प्रत्येक तपासणीची तुलना त्याच्याशी करता येईल.