चॅट रूम कुठे गेल्या, आणि आपल्या वेबसाइटवर त्या आणाव्यात का?

या वेळच्या टपालात चार पत्रं एकाच विषयाभोवतीची निघाली. ती एकत्र घेते. मोबाइल दुरुस्तीचे आणि ई-पीक पाहणीचे प्रश्न पुढच्या अंकात.

प्रश्न : ताई, मी हर्णैचा, दापोलीला कॉलेजला जातो. व्हॉट्सॲपच्या आधी लोक ‘चॅट रूम’मध्ये बोलायचे असं दादा सांगतो. अनोळखी माणसं एकत्र जमून नुसती टाइप करत बसायची? हे सुरू कुठून झालं आणि बंद का पडलं? (एक विद्यार्थी)

बंदरात कुठल्याही लाँचवर जा आणि तांडेलाला वायरलेस कसा चालतो ते विचार. सोळा नंबरच्या चॅनलवर हाक मारायची, समोरच्याने ओ दिली की दोघांनी दुसऱ्या चॅनलवर जायचं आणि सोळा मोकळा ठेवायचा, कारण संकटात सापडलेला माणूस तिथेच हाक देणार. चॅट रूमचं मूळ रेडिओच्या याच रीतीत आहे. अमेरिकेत ट्रकवाले सीबी नावाच्या रेडिओवर बोलत, त्याचे ४० चॅनल होते. कॉम्प्युसर्व्ह कंपनीतल्या अलेक्झांडर ट्रेव्हर यांनी तीच पद्धत कॉम्प्युटरवर आणली. १९८० साली ‘सीबी सिम्युलेटर’ लोकांसाठी खुला झाला, तोही ४० चॅनलचा. रेडिओवर असतात तशी टोपणनावं इथेही होती.

त्याच्याही आधी, १९७३ मध्ये, इलिनॉय विद्यापीठात डग ब्राउन आणि डेव्हिड वुली यांनी ‘टॉकोमॅटिक’ केलं होतं. पडद्याचे आडवे पट्टे, प्रत्येक पट्टा एका माणसाचा, एका चॅनलमध्ये पाच जण. अक्षर दाबलं की त्याच क्षणी सगळ्यांना दिसायचं, खोडलेलंही दिसायचं. आज आपण वाक्य घासूनपुसून पाठवतो. तिथे समोरचा अडखळताना दिसत असे, आणि मला वाटतं, त्याने माणूस जवळचा वाटत असणार.

मग १९८८ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी, म्हणजे ‘इंटरनेट रिले चॅट’ हा गप्पांचा प्रोग्रॅम, लिहिला. यात एक मालक नव्हता. अनेक ठिकाणचे सर्व्हर एकमेकांना जोडलेले, आणि त्यांच्यावर पसरलेले विषयवार चॅनल. ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत सत्तापालटाचा प्रयत्न झाला, बातम्यांवर बंधनं आली, तेव्हा तिथल्या घडामोडी आयआरसीवरून बाहेर पोचत होत्या. सर्व्हरमधला दुवा तुटला की एकाच चॅनलमधली माणसं दोन गटांत फुटत, आणि प्रत्येक गटाला वाटे की समोरचे सगळे एकदम उठून गेले.

आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, पण मोठ्या शहरांत. रत्नागिरीत ते रुजायला आणखी काही वर्षं लागली. एस. टी. स्टँडजवळच्या माझ्या सायबर कॅफेत मी ते काउंटरवरून पाहिलं. याहूच्या चॅटमध्ये विषयवार आणि देशवार खोल्या असत. आत शिरलं की पहिला प्रश्न वय, लिंग, गाव. कॉलेजची मुलं त्यासाठी येत. पण मला आठवतात त्या राजिवड्याच्या, मिरकरवाड्याच्या आया. मुलगा कुवेतला नाहीतर मस्कतला. आखातात शुक्रवारी सुट्टी, म्हणून त्या जुम्म्याच्या दुपारी येत. आयएसडीचं बिल परवडायचं नाही. त्या सांगत, मी रोमन लिपीत टाइप करी, आणि उत्तर आलं की मोठ्याने वाचून दाखवी. जेवण कुणाच्या हातचं आहे, हा प्रश्न प्रत्येकीचा ठरलेला. त्या बायका गेल्यावरही खुर्ची थोडा वेळ रिकामी ठेवावीशी वाटे.

बंद का पडलं याचं माझं उत्तर स्पष्ट आहे : राखणदार नव्हते. खोल्या हजारो उघडल्या आणि बघणारा कुणी नेमला नाही. जाहिराती चिकटवणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, शिरले, मुलांच्या मागे लागणारे मोठे लोक शिरले. मायक्रोसॉफ्टने २००३ च्या ऑक्टोबरमध्ये युरोप-आशियातल्या बऱ्याच देशांतल्या एमएसएनच्या फुकट चॅट रूम मुलांच्या सुरक्षेचं कारण देऊन बंद केल्या. याहूने जून २००५ मध्ये वापरणाऱ्यांनी उघडलेल्या खोल्या काढून टाकल्या, आणि डिसेंबर २०१२ मध्ये उरलेल्याही. तोवर लोक ओळखीच्यांच्या ग्रुपमध्ये गेले होते. माझ्या कॅफेत पडदे काउंटरकडे तोंड करून होते आणि मी उठून फिरत असे. एवढ्याने बरंच टळलं. लाखो माणसांच्या खोलीत तेच करायला माणसं लागतात, पगार लागतो, आणि तो खर्च कंपन्यांनी केला नाही.

प्रश्न : आमचं गुहागरला घरगुती निवास आहे. वेबसाइट करणारा म्हणतो, कोपऱ्यात चॅटची खिडकी टाका, वर एआय बसवा, बुकिंग वाढेल. वर्षाचे पैसे वेगळे. घ्यावं का? (एक वाचक भगिनी)

वहिनी, आधी एकच सांगा : तिथे उत्तर द्यायला कोण बसणार? मे महिन्यात पाहुणे भरलेले असताना तुम्ही घावण्यांच्या तव्यापुढे असता, भाऊ बागेत. पुण्याच्या माणसाने रात्री साडेदहाला ‘दोन खोल्या आहेत का’ विचारलं आणि हिरवा दिवा दिसूनही उत्तर आलं नाही, तर तो शेजारच्यांना फोन लावतो. खिडकी नसती तर त्याने सकाळी तुम्हाला फोन केला असता.

थोडं तंत्राचंही सांगते, कारण पैसे त्याचेच मागतायत. वेबपान मुळात मागितलं, मिळालं, संपलं अशा पद्धतीचं. त्यात गप्पा बसवण्यासाठी सुरुवातीला अख्खं पान दर काही सेकंदांनी नव्याने आणत, मग पानात जावाचा छोटा प्रोग्रॅम बसवू लागले. वेबसॉकेट नावाची रीत २०११ च्या डिसेंबरमध्ये प्रमाणित झाली, तेव्हा दोन्ही बाजूंनी दुवा उघडा ठेवणं सोपं झालं. पण तो दुवा रेंजवर जगतो. पावसाळ्यात लाइट गेली, टॉवर झोपला, की तुमची बाजू तुटते आणि पाहुण्याला कळत नाही. म्हणून वेबसाइटवाल्याला विचाराच : दुवा तुटला तर निरोप साठवून ठेवता की हरवतो?

एआयचं तर मी आत्ता नको म्हणेन. यंत्राला गप्पा मारता येतात हे १९६६ पासून माहीत आहे. एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांच्या ‘एलायझा’शी लोक मन मोकळं करत होते, आणि ती फक्त त्यांचीच वाक्यं फिरवून परत देत होती. आजचं यंत्र खूप पुढचं, पण ठाम आवाजात चुकीचं सांगणं त्यालाही जमतं. एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं. २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने ती जबाबदारी कंपनीचीच ठरवली आणि भरपाई द्यायला लावली. तुमच्या यंत्राने गणपतीत खोली रिकामी आहे असं सांगितलं, तर पाहुणे बॅगा घेऊन तुमच्याच अंगणात उभे राहणार.

माझा सल्ला असा. व्हॉट्सॲप बिझनेस २०१८ पासून आहे आणि फुकट आहे. वेबसाइटवर त्याचं बटण द्या. खाली स्वच्छ लिहा : उत्तर सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी सात ते नऊ. बाकी वेळी आपोआप जाणारा निरोप लावून ठेवा. दर, गरम पाण्याची वेळ, शाकाहारी-मासळी ताटाची किंमत, व्याडेश्वराचं देऊळ किती लांब, ही उत्तरं एकदाच लिहून जतन करा.

आणि एक धोका. ‘मी सैन्यात आहे, जवानांसाठी सगळ्या खोल्या हव्यात, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ असं कुणी लिहिलं तर तिथेच थांबा. पैसे घ्यायला ना स्कॅन लागतो ना पिन. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. माझ्या ओळखीतल्या घरांत असे फोन येऊन गेलेत, म्हणून कळकळीने सांगते.

प्रश्न : मालवण तालुक्यातल्या आमच्या वाडीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. चाकरमानी धरून चारशेवर माणसं. गावपळण, देवळाचा हिशोब, जमिनीचे वाद, सगळं तिथेच पेटतं. मी ॲडमिन. उद्या कुणी काही भलतं टाकलं तर पोलीस मला धरतील का? (निवृत्त शिक्षक)

गुरुजी, भीतीचं आधी. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये म्हटलं आहे की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत नसेल, तर केवळ ॲडमिन म्हणून गुन्हेगार ठरवता येत नाही. दिसलं की काढून टाका, तंबी देऊन ठेवा.

भांडणाबद्दल : एका ग्रुपमध्ये हजारावर माणसं मावतात म्हणून भरावीत असं नाही. आयआरसीवर चॅनल चालवणाऱ्याकडे चार सोयी होत्या : वर विषय लिहिणं, त्रास देणाऱ्याला बाहेर काढणं, परत येऊ न देणं, आणि फक्त परवानगी दिलेल्यांनाच बोलू देणं. त्या सगळ्या आज तुमच्या मोबाइलमध्ये आहेत. देवळाच्या सूचनांचा ग्रुप वेगळा करा आणि तिथे फक्त ॲडमिनना लिहू द्या. गप्पांचा वेगळा. हिशोबाचा वाद ग्रुपवर नकोच. तो देवळात बसून, वह्या समोर ठेवून. ॲडमिनही एकटे राहू नका. वाडीतला एक, मुंबईतला एक आणि एखादी सूनबाई असे तिघे तरी हवेत, म्हणजे रात्री पेटलं तर कुणीतरी जागं असेल.

प्रश्न : वेंगुर्ल्यात मी कॉम्प्युटर क्लास घेतो. मुलांना खरी चॅट रूम दाखवायची असेल तर आज मिळेल का? (एक वाचक)

मिळेल. आयआरसी जिवंत आहे. मे २०२१ मध्ये फ्रीनोड या आयआरसीच्या मोठ्या जाळ्यावर मालकीचा वाद झाला, तेव्हा तिथल्या स्वयंसेवकांनी बाहेर पडून लिबेरा चॅट उभं केलं. मुक्त सॉफ्टवेअरचे बरेच प्रकल्प आणि विकिपीडियाची मंडळी आता तिथे असतात. ब्राउझरमधूनच जाता येतं, काही बसवावं लागत नाही. टोपणनाव घ्या, विषयाचं चॅनल निवडा. मुलांना आधी बजावा : खरं नाव, शाळा, फोन नंबर द्यायचा नाही. प्रश्न एकदाच विचारायचा आणि वाट पाहायची; उत्तर देणारा तेव्हा झोपलेलाही असू शकतो. आणि क्लास चालू असेपर्यंत तुम्ही त्यांच्या पाठीमागे उभे राहा.