मनगटपट्टा घरी करा, पण रेझिस्टर विसरू नका

दिवाळी उलटली, निफाडचा पारा उतरू लागला, की हवा कोरडी होते, स्वेटर काढताना चटचट आवाज येतो आणि माझ्याकडे एकाच विषयाचे प्रश्न येऊ लागतात. संगणक उघडताना रॅम, मदरबोर्ड स्टॅटिकपासून, म्हणजे अंगावर साठलेल्या विजेच्या भारापासून, कसे वाचवायचे? त्यासाठीचा मनगटपट्टा, म्हणजे हा भार वायरने उतरवून देणारा पट्टा, घरी करता येतो का? करता येतो. मात्र तुम्ही कळवलेले काही पट्टे रॅम वाचवतील आणि माणसाला धोक्यात घालतील, म्हणून या वेळी हा एकच विषय घेतला आहे.

प्रश्न : पावसाळ्यातही पट्टा लागतो का? (नाशिकरोड)

लागतो. दमट हवेत भार कमी साठतो, पण नाहीसा होत नाही.

प्रश्न : रॅम बसवताना चटका बसला नाही, ठिणगीही दिसली नाही. म्हणजे सगळे ठीक ना? (इंदिरानगर)

तसे समजू नका. माणसाला चटका जाणवायला साधारण 3000 व्होल्ट लागतात, आणि काही नाजूक भाग 100 व्होल्टच्या आतही दुखावतात. शिवाय दुखावलेला भाग लगेच मरतोच असे नाही. आज मशीन सुरू होते आणि काही महिन्यांनी मधूनच अडकू लागते. तसे होत असेल तर अंदाजाने भाग बदलत बसू नका. दुसरी चांगली रॅम लावून तपासून देणाऱ्या जाणकाराकडे न्या.

प्रश्न : एका व्हिडिओत पाहून पट्टा केला. घड्याळाचा धातूचा पट्टा, त्याला वायर आणि वायरचे दुसरे टोक थेट सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात. बरोबर आहे ना? (सिडको)

नाही. तो पट्टा आजच काढून ठेवा.

तुम्ही स्वतःला पृथ्वीशी थेट बांधून घेतले आहे. आता दुसरा हात चुकून 230 व्होल्टच्या फेजला लागला तर काय होईल? शरीराचा रोध हजार-दोन हजार ओहम धरला तरी एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या मनगटाकडे शंभराहून अधिक मिलिअँपिअर प्रवाह जाईल. घरातला आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, 30 मिलिअँपिअरला पडावा असा बनवलेला असतो, यावरून ओळखा. एरवी कोरड्या चपलेने तुम्हाला थोडाफार आधार दिला असता. तोही या वायरने काढून घेतला.

दुसरा धोका भिंतीतला. ‘मोठे भोक म्हणजे अर्थ’ हे तुम्ही गृहीत धरलेत. अर्थिंग नसलेल्या कितीतरी घरांत सॉकेटच्या आतच न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या स्क्रूला जोडून दिलेला सापडतो. अशा घरात मागे कुठे न्यूट्रल तुटला, की चालू असलेल्या फ्रिजमधून किंवा बल्बमधून फेज फिरून त्याच मोठ्या भोकात येते. म्हणजे तुमच्या मनगटावर.

म्हणून पट्टा आणि वायर यांच्यामध्ये 1 मेगाओहमचा रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला रोध करणारा छोटा भाग, लागतोच. 230 व्होल्ट आले तरी त्यातून 0.23 मिलिअँपिअरच जाईल, जो सहसा जाणवतही नाही. ‘एवढ्या रोधातून स्टॅटिक कसे निघेल?’ असे पुष्कळ जण विचारतात. अंगावरचा भार फार थोडा असतो, तो या रोधातूनही सेकंदाच्या हजाराव्या भागात उतरतो. रेझिस्टर मनगटाजवळच हवा, वायरच्या पलीकडच्या टोकाला नको. वायर कुठे सोलली जाऊन फेजला टेकली, तर मध्ये तो उभा असला पाहिजे. सोल्डरचा डाग देऊन घ्या, वर श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी) चढवा. धातू थेट कातडीला लागू द्या, बाहीवर बांधलेला पट्टा निरुपयोगी. आणि सॉकेटमध्ये सुटी वायर खुपसायची नाही, कधीच नाही. शेजारच्याच भोकात फेज आहे. जोडणी कुठे करायची ते पुढच्या एका उत्तरात आहे. पट्टा वापरण्याआधी जाणत्या टेक्निशियनकडून तपासून घ्या.

प्रश्न : सर, मी आयटीआयला आहे. दुकानात 1 मेगाओहम मागितला, तर 100 किलोओहमचा देऊन ‘सेमच असतो’ म्हणाले. चालेल? (सातपूर)

सेम नसतो. दहापट कमी आहे, त्यातून 2.3 मिलिअँपिअर जाईल आणि झटका जाणवेल. तुला हव्या त्या रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे तपकिरी, काळा, हिरवा आणि शेवटी सोनेरी. तिसरा पिवळा असेल तर तो 100 किलोओहम. पिवळ्या दिव्याखाली हे रंग फसवतात, म्हणून मल्टिमीटर 2 मेगाओहमच्या रेंजवर ठेवून मोज. आकडा 0.95 ते 1.05 च्या मध्ये यायला हवा. तयार पट्टाही वापरण्याआधी दर वेळी असाच मोज आणि पहिल्यांदा तुझ्या सरांसमोर मोज.

प्रश्न : आमचा वाडा जुना, अर्थिंगच नाही. नळाच्या पाइपला क्लिप लावू का? (पंचवटी)

नको. पाइप आता बहुधा प्लास्टिकचा असतो. गॅसच्या पाइपकडे तर वळूही नका. संगणकाचा प्लग सॉकेटमधून पूर्ण काढा, नुसते बटण बंद करून भागत नाही. मग पट्ट्याची क्लिप कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला लावा. नव्या भागाची पिशवीही उघडण्याआधी कॅबिनेटला टेकवा. तुम्ही, कॅबिनेट आणि भाग विजेच्या एकाच पातळीला आले की त्यांच्यात ठिणगी पडायला कारण उरत नाही. एवढ्या कामाला हे पुरते. वाड्याला अर्थिंग मात्र हवेच. परवानाधारक वायरमनला बोलवा.

प्रश्न : दोन वर्षांपासून कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. पट्टा घातला तर स्टॅटिक जाईल का? (गंगापूर रोड)

दोन वर्षे थांबायला नको होते. हे स्टॅटिक नाहीच. स्टॅटिक एकदाच चट्कन चावते; सतत झिणझिणते ती घरातली वीज. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये (आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात) फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थ तुटलेला असला की त्यांच्यामुळे बॉडीवर निम्मा, म्हणजे 115 च्या आसपास व्होल्टेज येतो. प्रवाह थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. उद्या आतले इन्सुलेशन गेले तर पूर्ण 230 येईल आणि त्याला वाट मिळेल ती तुमच्यातून.

आधी एक्स्टेन्शन बोर्ड पाहा. तीन भोकांचे आणि आत दोनच वायरी असलेले स्वस्त बोर्ड सर्रास विकतात, तिसरे भोक निव्वळ देखाव्याला. थ्री-पिनचा टू-पिन करणारा कन्व्हर्टर असेल तर फेकून द्या. बोर्ड चांगला असेल तर दोष भिंतीत किंवा अर्थच्या खड्ड्यात आहे. वायरमनला मीटर लावायला सांगा: फेज ते अर्थ 230 च्या जवळपास, न्यूट्रल ते अर्थ जेमतेम दोन-चार व्होल्ट. टेस्टरचा दिवा दाखवून ‘ओके’ म्हणाला तर ते मानू नका. तोवर मशीन बंद.

प्रश्न : ऑनलाइन बिनवायरीचा पट्टा मिळतो. घ्यावा का? (कॉलेज रोड)

नाही. वायरच नाही तर भार उतरणार कुठे? पैसे वाया.

प्रश्न : दुकानदार रॅम गुलाबी पिशवीत देतात. ती पुरेशी आहे का? (देवळाली कॅम्प)

गुलाबी पिशवी स्वतः भार धरत नाही, एवढेच. बाहेरून येणारी ठिणगी ती अडवत नाही. चंदेरी पिशवी मागा आणि तिचे तोंड बंद असू द्या. त्या चंदेरी पिशवीवर मदरबोर्ड ठेवून तो चालू करू नका, पिशवीतला धातूचा थर वीज वाहतो.

प्रश्न : हाच पट्टा घालून मायक्रोवेव्ह आणि जुना टीव्ही उघडला तर? (अंबड)

उघडूच नका. पट्टा फक्त प्लग काढलेल्या, कमी व्होल्टेजच्या कामासाठी असतो. मायक्रोवेव्हच्या कपॅसिटरवर प्लग काढल्यानंतरही 2000 व्होल्टच्या आसपास भार राहू शकतो. जुन्या पिक्चर ट्यूबवर त्याहून कितीतरी जास्त. तिथे जाणकार दुरुस्तीवाला आधी पट्टा काढून ठेवतो, मग भार उतरवतो. वस्तू त्याच्याकडेच न्या.