गिअरबॉक्स बदलण्याआधी केबल बघा

प्रश्न : माझ्याकडे १९८७ ची ब्यूक ग्रँड नॅशनल आहे. काळी, ३.८ लिटरचं टर्बो व्ही-६ इंजिन, टर्बो मूळचाच आणि २००-४आर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही मूळचाच. गेल्या उन्हाळ्यात मोठी थ्रॉटल बॉडी, मोठे इंजेक्टर आणि त्यांना साजेशी चिप बसवून घेतली. गाडी पळते झकास, पण पाय दाबून काढली की दुसऱ्यावरून तिसरा पडताना आरपीएम उसळतात, क्षणभर गाडी मोकळी सुटते आणि मग गिअर धरतो. इथल्या एका गॅरेजवाल्याचं म्हणणं, 'हा गिअरबॉक्स टर्बोला झेपत नाही, काढून ४एल८०ई टाका.' त्याने सांगितलेला आकडा मी घरी अजून सांगितलेला नाही. रविवारी फिरवायची आणि उन्हाळ्यात एखाद-दोनदा ड्रॅग स्ट्रिपवर न्यायची, एवढाच गाडीचा वापर. बदलू का?
— स. दे., नोव्ही, मिशिगन

उत्तर : नका बदलू. निदान आत्ता तरी नका. तो आकडा घरी सांगायची वेळ बहुधा येणारही नाही.

निदान तुम्हीच पत्रात करून पाठवलंय. थ्रॉटल बॉडी बदलली आणि तिसरा गिअर घसरायला लागला. या दोन्हींच्या मधे एक केबल आहे, आणि माझ्या मते टर्बोने जितके २००-४आर जाळले त्याहून जास्त त्या केबलने जाळलेत. अर्धं आयुष्य मी या राज्यात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलण्यात घालवलं. टेबलावर २००-४आर आला की मालकाला माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, 'केबलला कुणी हात लावला होता का?' उत्तर बहुतेक वेळा 'हो, पण थोडासाच' असं यायचं.

ही टीव्ही केबल, म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल. थ्रॉटल बॉडीच्या लिव्हरपासून निघते ती थेट गिअरबॉक्सच्या आत व्हॉल्व्ह बॉडीपर्यंत जाते. बरेच जण तिला किकडाऊनची, म्हणजे पाय दाबल्यावर खालचा गिअर पाडणारी केबल समजतात. जुन्या टर्बो ३५० या गिअरबॉक्समध्ये (नावातला टर्बो तुमच्या इंजिनावरचा नव्हे) तशी केबल असते आणि ती ढिली राहिली तर फार काही बिघडत नाही. इथे मात्र क्लच प्लेटा दाबून धरणारं ऑइलचं प्रेशर किती हवं, हे हीच केबल सांगते. तुम्ही पाय पूर्ण दाबलात आणि केबल अर्धीच ओढली गेली, तर गिअरबॉक्सला वाटतं की साहेब आरामात चाललेत. तो प्रेशर कमी ठेवतो, इंजिन मात्र पूर्ण जोर लावतं. ८७ च्या इंजिनचा कारखान्याचा आकडाच २,००० आरपीएमला ३५५ पौंड-फूट टॉर्क असा आहे, तुमचं आता त्याच्या पुढे गेलेलं असणार. दुसऱ्यावरून तिसरा पडताना बँड, म्हणजे दुसरा गिअर धरून ठेवणारा पट्टा, सुटतो आणि डायरेक्ट क्लचने सगळा भार उचलायचा असतो. तिथे प्रेशर कमी पडलं की प्लेटा घसरतात, आरपीएम उसळतात आणि प्रत्येक वेळी प्लेटांची थोडी राख ऑइलमध्ये जाते.

मोठ्या थ्रॉटल बॉडीचा लिव्हर मूळच्यासारखाच असेल असं धरून चालू नका. केबल अडकते ती खुंटी मध्यापासून किती अंतरावर आणि कोणत्या कोनात आहे, यावर केबल किती आणि कधी ओढली जाते ते ठरतं. खुंटी पाव इंचाने इकडेतिकडे असली तरी प्रेशरचा सगळा हिशेब बदलतो. जुनी थ्रॉटल बॉडी ठेवली असेल तर दोन्ही शेजारी ठेवून मोजा. फरक निघाला तर त्यासाठी दुरुस्ती-ब्रॅकेट मिळतात.

मग केबल लावा. इंजिन बंद. केबलच्या थ्रॉटलकडच्या टोकाला एक बटण असतं. ते दाबून धरा, आतला सरकणारा भाग थ्रॉटलपासून दूर, म्हणजे फायरवॉलच्या दिशेने, पूर्ण मागे ढकला आणि बटण सोडा. आता थ्रॉटलचा लिव्हर हाताने शेवटपर्यंत फिरवा. टिक टिक टिक असा आवाज येत केबल आपोआप आपल्या जागी येते. बस. पेडल दाबून हे करू नका. पायाखालच्या जाड मॅटमुळे किंवा वाकलेल्या पेडलमुळे थ्रॉटल पूर्ण उघडतच नाही, अशा गाड्या मी पाहिल्यात. पेडल खरंच शेवटपर्यंत जातं का, ते दुसऱ्या कुणाला तरी आत बसवून वेगळं तपासा. आणि हे होईपर्यंत गाडी जोरात काढू नका. केबल सुटलेली असेल तर गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा नाही.

यानंतर प्रेशर गेज लावून घ्या. केसवर चाचणीसाठी बूच असतं, गेजची नळी तिथे लागते. हाताने केबल ओढत गेलं की काटा तिच्याबरोबर चढत गेला पाहिजे. काटा ढिम्म हलत नसेल तर दोष केबलच्या पलीकडे, व्हॉल्व्ह बॉडीत किंवा पंपात आहे.

मग गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं पॅन उतरवा. गाळ बोटांत चोळून बघितल्याशिवाय मी कुठल्याही गिअरबॉक्सबद्दल बोलत नाही. चुंबकाला मऊ करडा लेप चिकटलेला असेल तर घाबरू नका, एवढ्या वर्षांच्या गिअरबॉक्समध्ये तो असतोच. ऑइल लालऐवजी तपकिरी आणि वास करपलेला, तळाला काळी भुकटी, तर क्लच जळल्यात. पिवळसर, सोन्यासारखा चुरा दिसला तर बुश किंवा थ्रस्ट वॉशर खातोय. पॅन स्वच्छ निघालं तर फिल्टर आणि ऑइल बदला, केबल लावलेलीच आहे, आणि गाडी फिरवून बघा.

पॅन काळं निघालं तर गिअरबॉक्स खोलावा लागेल, पण तरी हाच ठेवा. २००-४आरची बदनामी बरीचशी त्याच्या घराण्यामुळे आहे. सत्तरच्या दशकातला टीएच२०० खरोखर नाजूक होता, आणि नावात २०० दिसलं की लोक यालाही त्याच माळेत ओवतात. कारखान्याने ८७ मध्ये ग्रँड नॅशनलच्याच जास्त ताकदीच्या ५४७ जीएनएक्स काढल्या, कागदावर २७६ अश्वशक्तीच्या, आणि त्यातही २००-४आरच ठेवला. चांगल्या हाताने बांधताना मूळच्या सात पात्यांच्या पंपाऐवजी दहा पात्यांचा पंप आणि कडक केलेल्या रिंगा घाला, स्टेटरचा दांडा कडक केलेला, मोठा सर्व्हो, रुंद बँड, डायरेक्ट क्लचमध्ये जास्तीच्या प्लेटा. जोर खूपच वाढवणार असाल तर फॉरवर्ड ड्रम आणि त्याचा इनपुट शाफ्टही भरीव पोलादाचा घ्या, कारण मूळचा तिथेच तुटतो. मूळ टर्बोवर तुमचं इंजिन या गिअरबॉक्सच्या अंगावर येणार नाही.

आता गॅरेजवाल्याची बाजू, कारण तो अगदीच चुकीचं बोलत नाहीये. ४एल८०ई हा पोलादी माणूस आहे. १९९१ मध्ये तो जनरल मोटर्सच्या जड ट्रकांसाठी आला आणि त्याच्या आत जुन्या टर्बो ४०० चाच सांगाडा आहे. त्याचा खरा फायदा ताकदीपेक्षा वेगळाच आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. टर्बो गाडीत थ्रॉटल अर्धाच उघडा असतानाही बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, भरपूर असू शकतो. केबलला फक्त थ्रॉटल कळतो, बूस्ट कळत नाही. ४एल८०ईचं प्रेशर कॉम्प्युटर ठरवतो, आणि योग्य कंट्रोलर घेतला तर तो इनटेकमधला दाब वाचून त्याप्रमाणे प्रेशर चढवतो. मोठ्या टर्बोच्या गाडीत याला तोड नाही.

पण बसवायला काय लागतं ते ऐका. तुमचं इंजिन ब्यूकचं आहे. त्याच्या बेल हाउसिंगचे बोल्ट ब्यूक-ओल्ड्समोबाईल-पाँटिअॅकच्या नक्षीत, तर ४एल८०ई शेव्हरोलेच्या नक्षीत. २००-४आरच्या केसवर दोन्ही नक्षींची भोकं असतात, म्हणून तो कुठेही बसतो. ४एल८०ईला मधे अॅडॅप्टर प्लेट लागते, आणि त्याबरोबर फ्लेक्सप्लेट व कन्व्हर्टरची जुळणी आली. तो तुमच्या गिअरबॉक्सपेक्षा लांब आहे, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट कापून आखूड करायचा. मागच्या शाफ्टला २७ ऐवजी ३२ दाते, म्हणजे योक नवा. क्रॉसमेंबर सरकवायचा. कंट्रोलर आणि त्याचं सगळं वायरिंग. स्पीडोमीटरची केबल लावायला त्यात जागा नाही, त्यासाठी आणखी एक डबा. आणि एवढं जमल्यावर तो गाडीच्या जमिनीतल्या गिअरबॉक्सच्या बोगद्यात मावत नाही, म्हणून जमिनीचा पत्रा हातोड्याने ठोकून फुगवायचा. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. बाकीचं सगळं परत काढता येतं, ठोकलेला पत्रा पूर्वीसारखा होत नाही. ८७ मध्ये २०,१९३ ग्रँड नॅशनल बनल्या, तुमच्या घरापासून फार दूर नाही, पाँटिअॅकच्या कारखान्यात. त्यातल्या न ठोकलेल्या आता किती उरल्यात ते गाडी विकायला काढाल तेव्हा कळेल.

वजनही बघा. २००-४आर कोरडा साधारण १२० पौंड, ४एल८०ई २३५ च्या आसपास. इतकं जास्तीचं लोखंड फिरवायला इंजिनालाच जोर खर्चावा लागतो. शिवाय पहिला गिअर २.७४ वरून २.४८ वर येतो. ३.८ लिटरच्या इंजिनाला बूस्ट येईपर्यंत खालून उचलायला तो २.७४ फार कामाचा असतो. सिग्नलवरून निघताना गाडी तुम्हाला आळशी वाटेल आणि मग तुम्ही जास्त स्टॉलचा, म्हणजे जास्त आरपीएमवर पकड घेणारा कन्व्हर्टर शोधायला लागाल.

कुणी साधा टर्बो ४०० सुचवला तर त्यालाही नाही म्हणा. त्यात ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हायवेवर इंजिन हळू फिरू देणारा वरचा गिअर, नाही. तुमच्या ३.४२ च्या एक्सलवर, २६ इंची टायरांसह, ताशी ६५ मैलांना आज इंजिन साधारण १,९०० वर फिरतं, टर्बो ४०० मध्ये तेच २,९०० च्या जवळ जाईल. रविवारी ट्रॅव्हर्स सिटीला जाऊन आलात की कान सांगतील.

मोठा टर्बो घालून ८०० अश्वशक्तीच्या मागे लागलात तर परत लिहा, तेव्हा ४एल८०ईचीच शिफारस करीन. तोवर मूळचा गिअरबॉक्स गाडीतच राहू द्या. आणि कूलर मात्र या आठवड्यातच मोठा करा. ऑटोमॅटिकचा खरा शत्रू उष्णता आहे आणि रेडिएटरमधला छोटा कूलर तुमच्या आताच्या जोराला पुरत नाही.

*

प्रश्न : माझी २०१६ ची पोलो जीटी टीएसआय आहे, सात गिअरची डीएसजी, म्हणजे दोन क्लचांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. अजून काही बिघाड नाही, पण जो तो घाबरवतो की तिचा ड्राय (ऑइलमध्ये न बुडवलेला) क्लच पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये टिकत नाही. नंतरच्या पोलोतला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला गिअरबॉक्स माझ्या गाडीत बसेल का?
— अ. कु., कोथरूड, पुणे

उत्तर : बसवायचा म्हटलं तर माणूस काहीही बसवतो. पण यात अर्थ नाही. २०२० मध्ये तो गिअरबॉक्स आला तो एक लिटरच्या तीन सिलिंडरच्या इंजिनाबरोबर, तुमचं १.२ लिटरचं चार सिलिंडरचं. माउंटिंग वेगळं, इंजिनाच्या कॉम्प्युटरचं गिअरबॉक्सशी बोलणं वेगळं. एका चालत्या गाडीच्या दोन अर्धवट गाड्या होतील, आणि विमा कंपनीला न कळवता केलंत तर क्लेमच्या वेळी वेगळीच कटकट.

तुमचं इंजिन १७५ न्यूटन-मीटर टॉर्क देतं आणि हा गिअरबॉक्स २५० पर्यंतचा आहे. ताकदीचा प्रश्न नाही, पायाच्या सवयीचा आहे. पुढची गाडी फूटभर सरकली की आपणही फूटभर सरकायचं, ही सवय सोडा. त्या प्रत्येक फुटाला क्लच अर्धा लागून घासत असतो. ब्रेक दाबून थांबलात की तो सुटतो आणि गार होतो. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग एकदम निघा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. आणि चांदणी चौकाच्या चढावर एक्सलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेकच लावा.

रिमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा हिशेब बदलून, टॉर्क वाढवायचा विचार मनात असेल तर मात्र आधी क्लचसाठी पैसे बाजूला काढा.