वेल जोमात, फुलंच फुलं, पण काकडी धरत नाही. आल्या त्या कडू. कोणतं औषध मारू?

कोणतंच मारू नका. तुम्ही लिहिलंय की यवतमाळजवळच्या गावात एप्रिलच्या सुरुवातीला बी टोकलं, वेल मांडवावर चढला, पिवळ्या फुलांनी भरला, आणि आता मे अर्धा सरला तरी हाती आल्या त्या चार-दोन वाकड्या, कडू काकड्या. हा रोग नाही अन् कीडही नाही. लावणीचा महिना चुकला, एवढंच. मी वर्धा जिल्ह्यातला. जमीन तुमच्यासारखीच काळी आणि ऊनही तेच.

काकडीला एकाच वेलावर नर आणि मादी अशी दोन तऱ्हेची फुलं येतात. सकाळी जरा वाकून बघा. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढी, बारीक लव असलेली काकडी आधीपासूनच असते. नर फूल नुसत्या पातळ दांडीवर येतं, आणि बहुतेक दोन-चार मिळून झुपक्यात असतात. दिवस मोठा आणि ऊन कडक असलं की वेल नर फुलंच जास्त काढतो. दिवस लहान आणि हवा थंड असली की मादी फुलांचं प्रमाण वाढतं. म्हणजे तुमचा वेल फुलांनी भरलाय खरा, पण त्यातली बहुतेक नर असणार.

जी थोडीफार मादी फुलं येतात, त्यांचीही पंचाईत. फूल पहाटे उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. तेवढ्या वेळात मधमाश्यांनी त्यावर अनेक फेऱ्या मारायला हव्यात. आपल्याकडे मेमध्ये सकाळी नऊलाच ऊन चटकायला लागतं, माशी सावली धरते, आणि उष्णतेनं परागातही दम राहत नाही. पराग पोचलेच नाहीत तर ती इवलीशी काकडी पिवळी पडून गळते. अर्धवट पोचले तर एका बाजूला फुगलेली, दुसऱ्या बाजूला चिंबलेली निघते. तुमच्या वाकड्या काकड्यांचं कारण बहुतेक हेच.

कडूपणाचं कारण वेगळं. काकडीच्या वेलात कुकुर्बिटासिन नावाचं कडू द्रव्य मुळातच असतं. उन्हाचा आणि पाण्याचा ताण पडला की ते फळात उतरतं, देठाकडे आणि सालीखाली जास्त. म्हणून देठाकडचा दोन बोटं भाग कापून टाकायचा आणि साल जाड काढायची. टोक घासून फेस काढण्याची आपली जुनी सवय आहे, पण घासण्यापेक्षा काम करतं ते कापणं. आणि शेजारी कारलं लावलं म्हणून काकडी कडू झाली असं गावात कोणी सांगेल, ते हसून सोडून द्या. काकडीला कारल्याचा पराग लागतच नाही.

आता महिन्याचं. उन्हाळी काकडी आपल्याकडे संक्रांत झाली की लावायची, फार तर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. म्हणजे मार्चच्या मध्याला तोडा सुरू होतो आणि एप्रिल संपेपर्यंत वेल आपलं काम करून मोकळा. नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागेपर्यंत ओढत नेऊ नका, त्याआधीच वेल उपटून बकऱ्यांपुढे टाका. जानेवारीत अडचण एकच, रात्री थंड असतात आणि गार मातीत बी सडतं. त्यासाठी बी रात्रभर पाण्यात भिजवावं, ओल्या फडक्यात बांधून घरात उबेला ठेवावं. कोंब दिसला की मगच जमिनीत टोकावं, दोन बोटं खोल, आळ्याला तीन बिया, आणि पुढे त्यातली जोमदार दोनच रोपं ठेवावीत.

दुसरी वेळ मृगाचा चांगला पाऊस झाल्यावर. माझ्या मते परसबागेतल्या माणसासाठी हीच खरी काकडी. आमच्याकडे जुनी माणसं कपाशी टोवताना धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेनं काकडी-वाळकाच्या चार बिया सहज टाकून द्यायची. पोळ्याच्या सुमारास वावरात निंदायला गेलं की पऱ्हाटीच्या आडून काकडी काढायची, लुगड्याला पुसायची, मीठ-तिखट लावून तिथंच धुऱ्यावर बसून खायची. त्या वेलाकडे कोणी बघतही नसे. पावसाळ्यात फक्त काळ्या मातीत पाणी साचू देऊ नका. वीतभर उंच गादीवाफा करा, नाहीतर मुळं कुजतात.

हातातल्या वेलाचं काय करायचं? उपटायचा जीव होत नसेल तर थोडं फळ अजून मिळवता येईल.

अकरा ते चार सावली हवी. पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी चांगली, नसेल तर जुनी सुती साडी मांडवाच्या वर हातभर अंतरावर ताणा, वेलाला चिकटवू नका. दिवसभराची दाट सावलीही नको, सकाळचं ऊन वेलाला लागतंच.

सकाळी सातच्या आत परागीकरण आपल्या हातानं करा. ताजं उमललेलं नर फूल खुडा, त्याच्या पाकळ्या सोलून टाका, मधला पिवळा दांडा उघडा पडेल. तो मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. एका मादीला दोन नर वापरले तर फळ सरळ भरतं. पाच मिनिटांचं काम आहे, लहान पोरं हौसेनं करतात.

पाण्याबाबत लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. दुपारी दोनला पानं माना टाकतात, ते बघून घाबरून पाणी ओतू नका. संध्याकाळी ती आपोआप उभी राहिली तर वेलाला काही झालेलं नाही. सकाळी सातलाही लोंबलेलीच दिसली, तर खरंच तहान आहे. पाणी सकाळी द्या. नळी उन्हात पडली असेल तर आधीचं उकळतं पाणी बाजूला सोडा. आणि कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी वेलाला कधीच नाही! कूलर पाणी उडवतो आणि क्षार मागे ठेवतो. टाकीच्या कडेला जो पांढरा थर बसतो, तोच तुम्ही मुळाशी ओतता.

सगळ्यात चांगला उपाय कुंभाराकडचं भाजलेलं पण न रंगवलेलं मडकं. गळ्यापर्यंत वेलाजवळ पुरायचं, पाण्यानं भरायचं, वर झाकण. मडकं पाझरत राहतं आणि मुळं त्याच्याभोवती गोळा होतात. वरून सोयाबीनचं किंवा हरभऱ्याचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, चार बोटं जाड पसरा. काकडीची मुळं वरवरच असतात, त्यामुळे उघडी काळी माती तापली आणि तिला भेगा पडल्या की तीही तुटतात.

युरिया देत असाल तर थांबवा. त्यानं वेल नुसता पानावर जातो. कुजलेलं शेणखत पुरे. ताजं शेण टाकू नका, मुळं खाणारी हुमणी अळी येते.

वाण म्हणाल तर राहुरी विद्यापीठाचं हिमांगी, नाहीतर पूना खिरा घरासाठी चांगलं. परागाशिवाय फळ धरणारी महागडी संकरित बी शेडनेटमधल्या व्यापारी शेतीसाठी आहेत, सांदवाडीतल्या चार वेलांसाठी पैसे घालू नका.

पावसाळी लावणीत दोन जणांवर लक्ष ठेवा. रोप दोन पानांवर असताना लाल भुंगेरे पानाची चाळण करतात. ते सकाळी सुस्त असतात, तेव्हाच हातानं वेचा आणि पानांवर चुलीची राख भुरभुरवा. पुढे फळमाशी कोवळ्या काकडीला डंख करते आणि आत अळ्या पडतात. क्यू ल्यूरचा, म्हणजे नर माश्यांना ओढणाऱ्या वासाचा, सापळा कृषी सेवा केंद्रात मिळतो, तो मांडवाला टांगा. डंख लागलेली फळं वेलाखाली पडू देऊ नका, खोल पुरा. फवारायची वेळ आलीच तर संध्याकाळी, कारण सकाळी फवारलं तर मारल्या जातील त्या मधमाश्या.

तोडा एक दिवसाआड करा. एखादी काकडी पिवळी होईस्तोवर वेलावर राहिली की पुढची धरायची मंदावते.

तुमच्या बोअरचं पाणी कसं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूरकडच्या खारपाणपट्ट्यात कोणी हे वाचत असेल तर उन्हाळी काकडीच्या नादी लागूच नका, पावसाळीच घ्या. खारं पाणी या वेलाला सोसत नाही. तुमच्याकडे पाणी गोडं असेल तर संक्रांतीची लावण खुशाल करा.