अर्ध्या चेंडूची उडी

प्रश्न : जुना रबरी चेंडू मुलीने मधोमध कापला. अर्धी वाटी आतली बाजू बाहेर येईल अशी उलटी करून, काठ खाली टेकवून फरशीवर ठेवली की तीन-चार सेकंद गप्प बसते आणि मग टप्पकन गुडघ्याच्याही वर उडते. हात न लावता कशी उडते? आणि आधी थांबते कशाला? – एक वाचक, सांगली

उत्तर : मुलीला आधी शाबासकी द्या. तीस वर्षं मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आणि असा अर्धा चेंडू माझ्या खणात कायम असायचा.

उडीचं बळ मुलीच्या अंगठ्यांचं. वाटी उलटवताना आधी जोर लागतो आणि निम्म्यावर गेली की ती आपणहून पलटते, हे तिला विचारा. कागदाची सुरळी सहज होते, पण चेंडूवर कागद चुण्या न पडता बसत नाही; त्यासाठी तो ताणावा किंवा आक्रसावा लागेल. त्यामागचं गणित जर्मन गणिती गाऊसने १८२७ मध्ये मांडलं. दोन्ही दिशांनी गोल असलेली वाटी पलटताना वाकते आणि ताणलीही जाते. हा ताणच वाटेतला डोंगरघाट; तो चढायला जोर लागतो. पलीकडे उतरली की ताण बराचसा जातो, वाक उरतो. जाडी निम्मी केली तर ताणायची ऊर्जा निम्मी होते, वाकवायची मात्र एक अष्टमांश. म्हणून पातळ वाटी उलटीच राहू शकते, जाड परतते. माझी नात कॉन्टॅक्ट लेन्स बोटावर धरून कड बघते: बशीसारखी बाहेर पसरली असेल तर लेन्स उलटी. तुमच्या वाटीचा काठही तसाच दिसेल, कारण काठाला पलीकडून धरणारं कोणी नसतं. तो मूळ वळणाकडे झुकतो.

तुमची वाटी या पातळ-जाडच्या नेमकी सीमेवर आहे. उलटी धरल्यावर रबर त्या आकाराला थोडं सरावतं. सोडल्यावर ती सवय हळूहळू जाते, आणि एका क्षणी वाटीच्या परतीच्या वाटेवर तो घाट उरतच नाही. ती झटक्यात मूळ आकारात पलटते. मधला भाग फरशीवर आदळतो, फरशी तिला वर ढकलते. माशा पकडणारी व्हीनस फ्लायट्रॅप ही वनस्पतीसुद्धा पानांचा बाक असाच पलटवून सेकंदाच्या दहाव्या भागात मिटते.

आता एक करून बघा. वाटी उलटी करून एकदा पाच सेकंद धरा, एकदा पूर्ण मिनिटभर, आणि दोन्ही वेळा उडीपर्यंतचे सेकंद मोजा. मग काठ कात्रीने दोन-दोन मिलिमीटर कापत जा. वाटी उथळ झाली की एका टप्प्यावर उलटी थांबणारच नाही. चेहरा वाटीवर आणू नका. आकडे काय आले ते मुलीच्या हस्ताक्षरात कळवा, मी वाट बघतोय.