नोकरी करणाऱ्या माणसाने उद्योजकाची मानसिकता कशी घडवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 31, पुण्यात नोकरी, घरच्या थालीपीठ भाजणीचं सगळे कौतुक करतात, ती विकायची आहे; पण दोन वर्षं झाली तरी मनाची तयारी होत नाही. यशस्वी उद्योजकांचे व्हिडिओ पाहिले की दोन दिवस उत्साह येतो आणि सोमवारी उतरतो. मग मानसिकता घडवायची कशी, आणि नोकरी सोडायची कधी?

उत्साह उतरणारच. त्या व्हिडिओत उडीद डाळ काय भावाने घेतली हे कोणी सांगत नाही. आधी मनाची तयारी आणि मग धंदा, हा क्रमच उलटा आहे. धंद्याचं डोकं सवयींनी तयार होतं आणि त्या सवयी वीस पाकिटांच्या धंद्यातही लागतात.

यावर एक चांगला प्रयोग झालेला आहे. आफ्रिकेतल्या टोगो देशात, लोमे शहरात, 1,500 छोट्या व्यावसायिकांचे तीन गट केले. एका गटाला हिशेब, विक्री, व्यवस्थापन असं नेहमीचं प्रशिक्षण दिलं. दुसऱ्याला पुढाकाराचा सराव दिला: कोणी सांगायच्या आत स्वतः हलायचं, पुढची अडचण आधीच हेरायची, अडलं तर दुसरी वाट काढायची. तिसऱ्याला काहीच नाही. 2017 साली ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष आले. पुढाकारवाल्यांचा नफा तिसऱ्या गटापेक्षा सरासरी 30 टक्के जास्त निघाला. नेहमीच्या प्रशिक्षणवाल्यांचा 11 टक्के, आणि तोही संख्याशास्त्राच्या कसोटीवर न टिकणारा. म्हणजे वृत्ती जन्मजातच असावी लागते असं नाही, ती शिकवता येते. आणि नुसती हिशेबाची वही लिहून भागत नाही, हेही त्यातूनच कळतं. तरी मी तुम्हाला वहीपासूनच सुरुवात करायला सांगेन, कारण पुढाकार कुठे घ्यायचा ते वहीच दाखवते.

तुमच्या भाजणीची एक खेप घेऊ. भाव मी हिशेबापुरते धरतोय, तुम्ही तुमच्या दुकानातले घाला. तांदूळ 2 किलो 100 रुपये, हरभरा डाळ 1 किलो 90, उडीद डाळ अर्धा किलो 65, ज्वारी 1 किलो 50, बाजरी 1 किलो 40, गहू अर्धा किलो 18, धने 200 ग्रॅम 30, जिरे 50 ग्रॅम 15. झाले 408 रुपये आणि सव्वासहा किलो धान्य. भाजताना ओल उडते, थोडं गिरणीत राहतं. 8 टक्के घट धरली तर हाती पावणेसहा किलो पीठ येतं. अर्ध्या किलोची 11 पाकिटं, वर पाव किलो उरतं, ते नमुन्याला. दळण 62 रुपये, गॅस 35, पाकीट आणि लेबल मिळून 8 रुपयांप्रमाणे 88. एकूण 593, म्हणजे पाकिटामागे 54 रुपये.

नवा माणूस इथे थांबतो, 80 रुपये किंमत लावतो आणि 26 रुपये सुटले म्हणून खूश होतो. पण निवडणं 1 तास, प्रत्येक धान्य वेगळं मंद आचेवर भाजणं 2 तास, गिरणी 1 तास, पाकिटं भरणं 1 तास, असे 5 तास कोणाचे गेले? तासाला 80 रुपये धरा. 400 रुपये मजुरी मिळवली की 993 होतात आणि पाकीट 90 रुपयांना पडतं. म्हणजे 80 रुपयांना विकताना तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला दहा रुपये पदरचे देताय. दुकानात ठेवायचं असेल आणि दुकानदाराने 20 टक्के मागितले, तर समजा 140 रुपये छापील किंमत ठेवली, त्यातले 112 तुमच्या हातात येतील. त्यातून परत आलेला माल, फुकट वाटलेले नमुने आणि पेट्रोल जायचंच आहे.

नोकरीतून आलेल्या माणसाला सर्वांत जड जातं ते हेच, स्वतःच्या वेळेला भाव लावणं. महिन्याला पगार जमा होत असल्याने तास मोजायची सवयच नसते. आईचे किंवा बायकोचे तास तर कुणी मोजतच नाही. ते मोजले नाहीत की वर्षभर फायद्यात दिसणारा धंदा घरच्यांच्या फुकट राबण्यावर उभा असतो, आणि ज्या दिवशी पहिली पगारी बाई ठेवाल त्या दिवशी तोटा उघडा पडतो. (गॅसचा आकडा मी निळ्या, 19 किलोच्या व्यावसायिक सिलिंडरच्या दराने धरलाय. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणं नियमात बसत नाही.)

याच्याच जोडीला पैशाचं दुसरं खातं उघडा, पहिल्याच आठवड्यात. विक्रीचा प्रत्येक रुपया तिकडे आणि खर्च तिकडूनच. तुमच्या तासांची मजुरी महिन्याच्या एका ठरावीक तारखेला त्या खात्यातून आपल्या खात्यात घ्या, मग ती 1,600 रुपये का असेना. गल्ल्यात हात घालून भाजी आणली की हिशेब संपला.

आता भीतीबद्दल. भीती घालवण्याच्या नादी लागू नका, तिला आकडा द्या. सरस सरस्वती या भारतीय वंशाच्या प्राध्यापिकेने 2001 साली अनुभवी उद्योजकांच्या विचारपद्धतीवर एक गाजलेला लेख लिहिला. त्यातला एक मुद्दा असा की ही माणसं किती नफा होईल यापासून सुरुवात करत नाहीत; सगळं बुडालं तरी किती परवडेल, ते आधी ठरवतात. तुमच्या बाबतीत हे एका कागदावर मावतं. उदाहरणार्थ, 40,000 रुपये आणि 6 महिने. यापलीकडे पैसा नाही, सोन्याला हात नाही, मित्राकडून उसने नाहीत. कागद घरात सगळ्यांना वाचायला द्या. रात्रीची झोप ‘धंदा बुडेल का’ने उडत नाही, ‘किती बुडेल’ हे माहीत नसल्याने उडते.

लिज्जतची गोष्ट आपण प्रेरणेसाठी ऐकतो, पण ती या अंगाने पाहा. 15 मार्च 1959 ला गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन सुरुवात केली आणि पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं झाली. चार! बुडाले असते तर 80 रुपये बुडाले असते. आणि हिशेब चोख ठेवायचा ही शिस्त तिथे सुरुवातीपासून होती.

तेव्हा पहिली खेप 11 पाकिटांची, दुसरीही तेवढीच. गिरणी भाड्याची. स्वतःचा पल्व्हरायझर (दळायचं यंत्र), छापील पाकिटांचा पाच हजारांचा लॉट, दुकानाचं डिपॉझिट यातलं काहीही इतक्यात नको. मुद्रा योजनेत शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळतं हे खरं, पण 22 पाकिटांना कर्ज लागत नाही. एफएसएसएआयची (सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी मात्र आधी करा. 14 अंकी क्रमांक, हिरवा शाकाहारी ठिपका, घटक पदार्थ, निव्वळ वजन, छापील किंमत, बनवल्याची तारीख, किती दिवसांत वापरावं आणि तुमचा पत्ता हे पाकिटावर हवंच. आणि सरकारी नोकरीत असाल तर परवानगीशिवाय धंदा चालत नाही. खासगीत असाल तर नेमणूकपत्रातलं कलम वाचा.

मग विक्री. इथे भले भले गळपटतात, कारण आपल्याकडे पैसे मागणं म्हणजे कमीपणा अशी शिकवण घरातूनच मिळते. लोकांना मत विचारू नका. मत विचारलं की ‘वा, छान झालीय’ ऐकू येतं, आणि ‘छान’ ही ऑर्डर नव्हे. वीस जणांना पूर्ण किमतीला विका. नातेवाईक त्यात मोजायचे नाहीत; मावशी तुमच्यासाठी घेते, भाजणीसाठी नाही. प्रत्येकासमोर तारीख लिहा. चार माणसांच्या घरात अर्धा किलो भाजणी साधारण तीन-चार आठवडे पुरते. तेवढ्या दिवसांत आठवण न करता किती जणांनी पुन्हा मागितली, हा एकच आकडा पहिल्या दोन महिन्यांत महत्त्वाचा. वीसपैकी सात-आठ जण आपणहून परत आले तर मालात दम आहे. दोघेच आले तर चव, किंमत किंवा गिऱ्हाईक, तिन्हीपैकी काहीतरी चुकलंय.

जे परत आले नाहीत त्यांना फोन करा. हाच तो पुढाकार. ‘भाजणी आवडली का?’ असं विचारू नका. ‘पाकीट संपलं का? किती वेळा थालीपीठं लावली?’ असं विचारा. न संपलेल्या पाकिटामागे कारण असतं आणि ते बोलता बोलता बाहेर येतं: लहान मुलांना तिखट लागली, थालीपीठ तव्याला चिकटतं, अर्धा किलो आमच्या दोघांना फार होतं. शेवटच्या वाक्यातून पाव किलोचं पाकीट जन्माला येतं. आठवड्याला असे पाच फोन. पहिला फोन लावताना पोटात गोळा येतो, आठवा लावताना येत नाही. एवढंच ते रहस्य.

तक्रार येईल तेव्हा खरी परीक्षा असते. समजा मेसेज आला: ‘या वेळची भाजणी कडवट लागली.’ पहिली उबळ येते ती वाद घालायची किंवा दिवसभर खट्टू होऊन बसायची. म्हणूनच प्रत्येक पाकिटावर खेपेचा क्रमांक लिहायचा आणि प्रत्येक खेपेतली 100 ग्रॅम घरी ठेवायची. तो नमुना काढा, पाण्यात कालवून एक थालीपीठ लावा, चाखा. तेही कडवट असेल तर कारणं मोजकी आहेत. उडीद डाळ करपली असेल. किंवा बाजरी कच्ची राहिली असेल. बाजरीत तेलाचा अंश असतो, तिचं पीठ लवकर कडवट होतं, नीट भाजली तर ते लांबतं. कुबट वास असेल तर धान्य कोमट असतानाच दळलं, किंवा दळल्यावर पीठ पसरून गार न करता पाकिटात भरलं आणि आतल्या आत ओल धरली. नमुना चांगला निघाला तर गिऱ्हाइकाच्या घरी डबा ओला होता का ते विचारा. दोन्ही वेळा पाकीट बदलून द्या आणि कारण वहीत लिहा. तक्रार खेपेवर असते, तुमच्यावर नसते, हे हा क्रमांक शिकवतो. दहा व्याख्यानांतून ते शिकता येत नाही.

उधारीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण चांगला माल असलेले धंदे इथेच बसतात. दुकानदार म्हणतो, ‘ठेवून जा, पुढच्या फेरीला देतो.’ पुढच्या फेरीला तो आणखी दहा पाकिटं मागतो आणि मागचं अर्धंच देतो. तुम्हाला वाटतं विक्री वाढतेय. प्रत्यक्षात तुमचं भांडवल त्याच्या फळीवर झोपलेलं असतं. नियम आधीच ठरवा: एका दुकानात 1,200 रुपयांपेक्षा जास्त उधारी नाही, आणि मागचं बिल मिटल्याशिवाय नवा माल नाही. हे सांगताना आवाज चढवायचा नाही की गयावया करायची नाही. ‘काका, मागचं मिटवलंत की लगेच माल टाकतो, पाकिटं तयारच आहेत.’ एवढं म्हणायचं आणि गप्प बसायचं. नंतरची शांतता तुम्ही भरली, की हरलात.

कायदा तुमच्या बाजूने आहे. उद्यम नोंदणी (सरकारकडची छोट्या उद्योगांची नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. नोंदणी आधारवर, ऑनलाइन आणि फुकट होते. कोणी हजार-दोन हजार मागत असेल तर देऊ नका. मात्र कोपऱ्यावरच्या दुकानदाराला कोणी 1,200 रुपयांसाठी कायदा दाखवत नाही. तो मोठ्या खरेदीदारासाठी राखून ठेवा. छोट्याला मर्यादाच कामी येते.

रविवारी 40 मिनिटं वहीला द्या. तीन रकाने: काय होईल असं वाटलं होतं, काय झालं, पुढच्या आठवड्यात काय बदलणार. पहिला रकाना आठवड्याच्या सुरुवातीलाच भरायचा, नाहीतर मन नंतर लबाडी करतं आणि ‘मला हे माहीतच होतं’ म्हणतं. बदल एकच करा. किंमत, पाकीट आणि प्रमाण एकदम बदललंत तर विक्री कशाने वाढली ते कळणार नाही. लोगो, व्हिजिटिंग कार्ड आणि पहाटे पाचला उठणं यासाठी या वहीत रकाना नाही, मुद्दामच.

नोकरी कधी सोडायची, हे तुम्ही शेवटी विचारलंय. सलग तीन महिने, आपल्या आणि घरच्यांच्या तासांची मजुरी धरून, सगळा खर्च वजा जाऊन, दुसऱ्या खात्यात तुमच्या पगाराच्या निम्मे पैसे उरले आणि बँकेत सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा पडलेला असला, की विचार करा. दिवाळीचे दोन महिने त्यात धरू नका, तेव्हा कोणाचंही काहीही खपतं.