वाचकांचे प्रश्न : सर्व्हर बदलला, आता प्रमाणपत्राचे काय?

प्रश्न : मी एका सहकारी पतसंस्थेच्या संगणक विभागात अकरा वर्षांपासून काम करतो. २०१५ साली ७०-४१०, ७०-४११ आणि ७०-४१२ या तीन परीक्षा देऊन मी विंडोज सर्व्हर २०१२चे एमसीएसए हे मायक्रोसॉफ्टचे प्रमाणपत्र मिळवले. संस्थेने आता जुन्या सर्व्हरच्या जागी विंडोज सर्व्हर २०२२ घेण्याचे ठरवले आहे. माझे प्रमाणपत्र नव्या आवृत्तीला लागू करून घेण्यासाठी एखादी अपग्रेड परीक्षा असते का? जवळच्या एका क्लासने ‘एमसीएसए २०२२’ करून देतो असे सांगून बरीच मोठी फी मागितली आहे. ती भरावी का? (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : फी भरू नका. ‘एमसीएसए २०२२’ नावाचे प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टने कधी काढलेच नाही. एमसीएसएची शेवटची आवृत्ती सर्व्हर २०१६ची होती. सर्व्हर २०१९साठीही ते निघाले नाही आणि ३१ जानेवारी २०२१ रोजी एमसीएसए व त्याच्या वरच्या पायरीचे एमसीएसई या दोन्ही मालिका कायमच्या बंद झाल्या.

तुमचा प्रश्न मात्र अगदी रास्त आहे, कारण तुम्ही ज्या काळात परीक्षा दिल्या त्या काळात अशी सोय खरोखरच होती. सर्व्हर २००३साठी ७०-२९२ व ७०-२९६, २००८साठी ७०-६४९, २०१२साठी ७०-४१७ आणि २०१६साठी ७०-७४३ अशा परीक्षांतून जुना प्रमाणपत्रधारक कमी श्रमात पुढच्या आवृत्तीवर जात असे. त्याआधी, विंडोज २००० आले तेव्हा, एनटी ४.० या आधीच्या विंडोज आवृत्तीवरची एमसीएसई प्रमाणपत्रे २००१च्या अखेरीस रद्द होतील असे कंपनीने जाहीर केले होते आणि जुन्या लोकांसाठी ७०-२४० ही एकच मोठी परीक्षा विनामूल्य, पण एकदाच देता येईल अशी ठेवली होती. पुढे ऑक्टोबर २००१मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय मागे घेण्यात आला. तेव्हापासून माझे मत असे आहे की, आपण कष्टाने मिळवलेले प्रमाणपत्र खोटे ठरत नाही, फक्त ते कोणत्या आवृत्तीचे आहे हे स्पष्ट सांगावे लागते. अर्जात ‘एमसीएसए, विंडोज सर्व्हर २०१२, वर्ष २०१५’ असे पूर्ण लिहा.

आता पुढचा मार्ग. पूर्वी प्रमाणपत्र सर्व्हरच्या आवृत्तीला बांधलेले असे, आता ते कामाच्या स्वरूपाला बांधलेले असते. तुमच्या कामाला सर्वांत जवळचे प्रमाणपत्र ‘विंडोज सर्व्हर हायब्रिड ॲडमिनिस्ट्रेटर असोसिएट’ हे आहे आणि त्यासाठी एझेड-८०० व एझेड-८०१ अशा दोन परीक्षा द्याव्या लागतात. पहिल्या परीक्षेत ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा (संस्थेतील वापरकर्ते व संगणक यांची मध्यवर्ती नोंद सांभाळणारी सेवा) वाटा सर्वांत मोठा असल्यामुळे तुमचा अनुभव तिथे उपयोगी पडेल. मात्र ॲझ्युअर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेतील ॲझ्युअर आर्क, ॲझ्युअर फाइल सिंक आणि साइट रिकव्हरी हे भाग तुम्हाला नव्याने शिकावे लागतील, आणि ते वाचून नव्हे तर करून पाहूनच येतात. एवढ्यात दोन परीक्षांचा खर्च नको असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या ‘अप्लाइड स्किल्स’मधील ॲक्टिव्ह डिरेक्टरीची चाचणी आधी द्या. ती विनामूल्य आहे आणि प्रत्यक्ष लॅबमध्ये काम करून द्यायची असते.

असोसिएट प्रमाणपत्राची मुदत एका वर्षाची असते. मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत मायक्रोसॉफ्ट लर्न या संकेतस्थळावर एक छोटी ऑनलाइन चाचणी फुकट देता येते आणि ती उत्तीर्ण झाल्यास मुदत वर्षभराने वाढते. ती तारीख चुकली तर मूळ परीक्षा फी भरून पुन्हा द्यावी लागते, म्हणून सूचनेचे ईमेल कुठे येतात याकडे लक्ष द्या. नोंदणी संस्थेच्या ईमेलवर न करता स्वतःच्या खासगी ईमेलवर करा. नोकरी बदलल्यावर जुन्या ईमेलमध्ये अडकलेले प्रमाणपत्र सोडवून घेताना लोकांची किती दमछाक होते, ते मी पाहिलेले आहे.

आता जे सांगतो ते परीक्षेइतकेच तुमच्या संस्थेच्या कामाचे आहे. तुमचे डोमेन, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरीने एकत्र बांधलेले संस्थेचे संगणक व खाती, सर्व्हर २००३च्या काळात उभे राहून पुढे आवृत्तीमागून आवृत्ती चढत आले असेल, तर सिसव्हॉल (डोमेनचे नियम व स्क्रिप्ट ठेवणारे सामायिक फोल्डर) अजूनही प्रती पाठवण्याच्या जुन्या एफआरएस पद्धतीनेच एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जात असण्याची शक्यता आहे. २०१२ आर२ ते चालवून घेतो, २०२२ घेत नाही. एका कार्यालयात शनिवारी रात्री नवा डोमेन कंट्रोलर (डोमेन सांभाळणारा सर्व्हर) जोडताना याच ठिकाणी आमचे काम अडले. आधीच्या तपासणीतच विझार्डने नकार दिला आणि मग सिसव्हॉल नव्या डीएफएसआर पद्धतीवर नेणारी डीएफएसआरमिग ही आज्ञा वापरून ‘प्रिपेअर्ड’, ‘रिडायरेक्टेड’ आणि ‘एलिमिनेटेड’ असे तीन टप्पे, प्रत्येक टप्पा सर्व कंट्रोलरवर पोहोचेपर्यंत थांबत, पार करावे लागले. शेवटच्या टप्प्यानंतर मागे फिरता येत नाही, म्हणून बॅकअप घेतल्याशिवाय तिथे जाऊ नका. सर्व्हर २०१२चा विस्तारित आधार १० ऑक्टोबर २०२३ रोजीच संपलेला असल्याने हे काम लांबवू नका, पण थेट खऱ्या डोमेनवरही करू नका. विंडोज ११ प्रोच्या एखाद्या संगणकावर हायपर-व्ही (आभासी संगणक चालवण्याची सोय) सुरू करा, विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची मूल्यमापन आवृत्ती उतरवून घ्या, दोन आभासी कंट्रोलर उभे करा आणि पाचही एफएसएमओ भूमिका (एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असणाऱ्या खास जबाबदाऱ्या) एकावरून दुसऱ्यावर नेऊन जुना कंट्रोलर रीतसर काढून टाकण्याचा सराव करा. हे दोनतीनदा केलेल्या माणसाला एझेड-८००चा पहिला भाग अनोळखी वाटत नाही. पुढेमागे सर्व्हर २०२५ घ्यायचा विचार असेल तर डोमेन आणि फॉरेस्ट (एक वा अनेक डोमेनचा समूह) या दोन्हींची फंक्शनल लेव्हल, म्हणजे ते कोणत्या आवृत्तीच्या पातळीवर चालतात ती नोंद, किमान २०१६ असावी लागते, हेही आताच नोंदवून ठेवा.

प्रश्न : माझे आरएचसीई हे प्रमाणपत्र रेड हॅट ७ या लिनक्सच्या आवृत्तीवरचे आहे. त्याची मुदत संपली आहे. पुन्हा तीच परीक्षा देता येईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ती परीक्षा, म्हणजे ईएक्स३००, आता नाही. रेड हॅट ८पासून आरएचसीईसाठी ईएक्स२९४ द्यावी लागते आणि तिचा जवळजवळ सगळा भर ॲन्सिबलवर, म्हणजे अनेक यंत्रांची मांडणी आपोआप करणाऱ्या साधनावर, आहे. म्हणजे नाव तेच असले तरी विषय बदललेला आहे. त्याआधी आरएचसीएसए हे पहिल्या पायरीचे प्रमाणपत्र, ज्याची परीक्षा ईएक्स२०० आहे, चालू मुदतीत असायला हवे. ही प्रमाणपत्रे तीन वर्षे टिकतात. सरावासाठी रेड हॅटची विनामूल्य डेव्हलपर वर्गणी घेतली तर सोळा यंत्रांपर्यंत चालते. ईएक्स२००मध्ये केलेली प्रत्येक मांडणी यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर टिकली पाहिजे, त्यामुळे एफएसटॅबमध्ये (यंत्र सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते सांगणारी फाइल) ओळ लिहिल्यावर आधी त्या नोंदी लगेच जोडून पाहणारी ‘माउंट -ए’ ही आज्ञा चालवून पाहण्याची सवय आजपासूनच लावून घ्या. त्या ओळीतली एखादी चूक राहून गेली तर यंत्र इमर्जन्सी मोडमध्ये अडकते आणि उरलेली उत्तरे तपासायला यंत्रच हाती राहत नाही.